गावाकडच्या हॉटेलात निवांत मुक्काम: नवख्यांसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत

शहरापासून लांब एखादं छोटं हॉटेल गाठायचं, तीन-चार दिवस राहायचं, आजूबाजूला भटकायचं. बेत इतका साधा वाटतो की त्याची आखणी करावी लागते हेच कुणाला पटत नाही. मग फोटोतली खोली बघून बुकिंग होतं आणि तिथे पोहोचल्यावर कळतं की फाटकाबाहेर पाऊल टाकलं की थेट ट्रकांचा रस्ता आहे, जेवणघर रात्री लवकर बंद होतं आणि 'अगदी जवळ' असलेला तलाव गाडीने पाऊण तासावर आहे. तीन दिवसांतला निम्मा वेळ गाडीत जातो. घरी परतल्यावर विश्रांतीसाठी पुन्हा एक सुट्टी लागते.

माझं एक मत आता पक्कं झालंय. अशा मुक्कामात खोली दुय्यम असते. गाडीला हात न लावता फाटकातून पायी बाहेर पडून अर्धा दिवस भटकता आलं, तर साधी खोलीही पुरते. तसं नसेल, तर कितीही देखणी खोली दुसऱ्या दिवशी दुपारी कंटाळवाणी होते. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने मांडल्या आहेत.

१. आधी किती रात्री ते ठरवा

निदान तीन रात्री ठेवा. एका रात्रीत काही साधत नाही, आणि त्याला कारण आहे. नव्या जागी पहिल्या रात्री धड झोप लागत नाही हा बहुतेकांचा अनुभव असतो. झोपेचा अभ्यास करणारे याला 'पहिल्या रात्रीचा परिणाम' म्हणतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यामागचं एक कारण दाखवून दिलं. अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा सावध राहते आणि बारीकशा अनोळखी आवाजालाही दाद देते. घरातलं एक माणूस पहाऱ्याला जागं ठेवावं, तसं. त्याच जागी पुन्हा झोपल्यावर हा फरक उरला नाही.

म्हणजे पहिली रात्र हिशेबातच धरायची नाही. दोन रात्रींच्या मुक्कामात खरी झोप एकाच रात्रीची मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगा भरायच्या असतात. तीन रात्री ठेवल्या की मधले दोन पूर्ण दिवस हातात येतात.

जमलं तर मधल्या वारांना जा. शनिवार-रविवारी तेच हॉटेल वेगळं असतं: गर्दी, गाणी, जेवणाला रांग. फक्त एक लक्षात ठेवा, गर्दी नसलेल्या दिवशी काही ठिकाणी जेवणघरालाच सुट्टी असते. ते आधी विचारून घ्या.

२. नकाशावर परिसर बघा, हॉटेल नंतर

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. हॉटेलच्या फोटोंपेक्षा नकाशातलं उपग्रह-दृश्य जास्त खरं बोलतं. हॉटेल मधोमध ठेवा, भोवती साधारण पाच किलोमीटरचं वर्तुळ कल्पनेने काढा आणि त्या वर्तुळात सावकाश फिरा.

आधी नको असलेल्या गोष्टी शोधा. एकाला एक लागून, समांतर, लांबलचक छपरं दिसली तर ती बहुधा पोल्ट्री असते. वारा तिकडून आला तर व्हरांड्यात बसणं मुश्कील होतं. झाडीत मधेच पांढरट-राखाडी खड्डा आणि त्याकडे जाणारा रुंद कच्चा रस्ता दिसला तर दगडाची खाण. तिथे दिवसा धूळ असते आणि डंपर येत-जात असतात. महामार्ग किंवा रेल्वे किलोमीटरभरावर असेल तर 'दिवसा तर काही ऐकू येत नाही' या उत्तरावर समाधान मानू नका. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि दिवसापेक्षा लांब पोहोचतो. दुपारी न जाणवलेला हायवे पहाटे तीनला उशाशी येतो.

मग हव्या असलेल्या गोष्टी. शेतांमधून जाणारी, दोन वस्त्यांना जोडणारी, बाजूला घरं नसलेली बारीक रेघ म्हणजे चालायला उत्तम वाट. एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परत येता येईल असा फेरा दिसला तर फारच छान. आल्या वाटेनेच परतायचं म्हटलं की निम्मी मजा जाते. दीड-दोन किलोमीटरवर एखादं दुकान असलेली वस्ती हवी. निसर्गप्रेमी लोक हे वाचून नाक मुरडतील, पण पायी गाठता येईल असं दुकान जवळ असलं की मुक्काम कितीतरी हलका होतो. ओढा, तळं, झाडीची कड यांपैकी काहीतरी एक पाहिजेच. डोळ्यांना आणि पायांना जायला एक ठिकाण लागतं.

डोंगराळ भाग असेल तर उंचीच्या रेषा असलेला नकाशाही उघडा. रेषा दाटीवाटीने असतील तिथे चढ अंगावर येणारा असतो, विरळ असतील तिथे जमीन सपाट. छापील नकाशा मिळाला तर प्रमाण बघा. १:२५,००० च्या नकाशात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, १:५०,००० च्या नकाशात दोन सेंटिमीटर. पायी भटकायला पहिला बरा, कारण त्यात कुंपणं आणि पायवाटाही बऱ्याचदा दिसतात.

सापळा: हॉटेलच्या जाहिरातीतली अंतरं पुष्कळदा सरळ रेषेत मोजलेली असतात. मधे दरी किंवा नदी असेल तर चार किलोमीटरचे रस्त्याने वीस होतात. प्रत्येक 'जवळच्या' ठिकाणाचं रस्त्याचं अंतर स्वतः मोजा. आणि फोटो हवेतून, ड्रोनने काढलेला असेल तर ते दृश्य तुम्हाला खोलीच्या खिडकीतून दिसणार नाही हे धरून चाला.

इतरांचे अभिप्राय वाचताना फक्त तुम्ही जाणार त्या महिन्यातले वाचा. पावसाळ्यातलं कौतुक उन्हाळ्यात कामाचं नसतं. एकूण गुणांपेक्षा तक्रारी काय आहेत ते बघा. 'टीव्हीला चॅनेल कमी' ही तक्रार मला तर शिफारस वाटते. 'रात्रभर आवाज' ही तक्रार दोघांनी वेगवेगळ्या वेळी केली असेल तर ते हॉटेल सोडून द्या.

३. फोन करा, आणि प्रश्न नेमके विचारा

बुकिंग ऑनलाइन करायचं असलं तरी आधी थेट हॉटेलला फोन करा. ढोबळ प्रश्नाला ढोबळच उत्तर मिळतं. एक नमुना देते.

"गरम पाणी असतं ना?"
"हो हो, चोवीस तास."
"गिझर खोलीत आहे, की सोलर?"
"सोलर आहे, मॅडम."
"ढगाळ असलं तर?"
"मग... सांगावं लागतं. आम्ही खालून पाठवतो."

पहिलं उत्तर खोटं नव्हतं, पण कामाची माहिती तिसऱ्या उत्तरात मिळाली. सगळेच प्रश्न असे एक पायरी खाली नेऊन विचारा. हे विचारायला विसरू नका:

- आमच्या तारखांना तिथे लग्न, साखरपुडा, कंपनीची सहल असं काही आहे का? (शांत हॉटेलातली शांतता सगळ्यात जास्त यानेच जाते.)
- आवारात किंवा शेजारी बांधकाम चालू आहे का?
- खोली स्वयंपाकघर, जनरेटर किंवा पार्किंग यांच्या बाजूला आहे का? लांबची मिळेल का?
- वीज गेली तर नेमकं काय चालू राहतं: दिवे, पंखा, चार्जिंगचं सॉकेट, की फक्त रिसेप्शन?
- जेवणाच्या वेळा कोणत्या? उशिरा पोहोचलो तर काही मिळेल का?
- खोलीत मोबाइलची रेंज कुठल्या कंपनीची येते? वायफाय खोलीपर्यंत पोहोचतो का?
- फाटकातून पायी कुठे जाता येतं? फाटक रात्री किती वाजता बंद होतं आणि पहाटे किती वाजता उघडतं?
- आवारात कुत्री मोकळी सोडतात का?
- जवळचा दवाखाना किती वेळाच्या अंतरावर आहे?
- ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर: खोलीपर्यंत पायऱ्या किती?

फाटक उघडण्याची वेळ फार कुणी विचारत नाही आणि मग पहाटेच्या भटकंतीचा बेत चौकीदाराला उठवण्यापासून सुरू होतो. अजून एक: पलीकडचा माणूस "विचारून सांगतो" म्हणाला आणि त्याने खरंच परत फोन केला, तर ते हॉटेल बऱ्यापैकी चांगलं असतं असा माझा ठोकताळा आहे.

४. बुकिंग करताना

दरापेक्षा आधी जेवणाची योजना बघा. कागदावर लघुरूपं असतात आणि तिथेच गोंधळ होतो. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि दुपारचं किंवा रात्रीचं एक जेवण. एपी म्हणजे तिन्ही वेळचं. युरोपातल्या हॉटेलांत हेच 'हाफ बोर्ड', 'फुल बोर्ड' या नावांनी येतं. आजूबाजूला खायला दुसरी जागा नसेल तर एमएपी बहुधा सोयीची पडते. दुपारी तुम्ही बाहेर भटकत असता, त्यामुळे तिन्ही जेवणांचे पैसे भरले तर एक जेवण फुकट जातं. एपीच घेतली असेल तर दुपारचं जेवण डब्यात भरून देतात का ते विचारा. बरीच हॉटेलं आनंदाने देतात, पण आदल्या रात्री सांगावं लागतं.

रद्द करण्याच्या अटी पूर्ण वाचा. 'विनाशुल्क रद्द' याला तारीख असते आणि वेळही असते. ती वेळ तुमच्या गावची की हॉटेलच्या देशाची, हेही परदेशात बघावं लागतं. बुकिंग संकेतस्थळावरून केलं असेल तर रद्दही तिथूनच करावं लागतं. हॉटेलला फोनवर सांगून भागत नाही. उलट फोनवर ठरलेल्या गोष्टी (कोपऱ्यातली खोली, लवकर चेक-इन, जास्तीची गादी) लेखी मागा. एका ओळीचा संदेश पुरतो. एकदा फोनवर कबूल केलेली मागच्या बाजूची खोली ऐनवेळी दुसऱ्याला दिलेली निघाली आणि कबूल करणारा माणूस त्या दिवशी सुट्टीवर होता. तेव्हापासून लेखी घेतल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही.

५. कागदपत्रं

- प्रत्येक मोठ्या माणसाचं फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ प्रत. एकाचं दाखवून सगळ्यांचं भागेल असं समजू नका. पाहुण्यांची नोंद ठेवणं पुष्कळ देशांत हॉटेलांना कायद्याने बंधनकारक आहे.
- मुलांच्या वयाचा पुरावा, सवलत घेणार असाल तर.
- परदेशात पासपोर्ट आणि व्हिसा. त्यांची छायाप्रत वेगळ्या बॅगेत ठेवा.
- बुकिंगची पावती आणि आगाऊ भरलेल्या पैशांचा पुरावा, फोनमध्ये साठवलेला आणि शक्यतो एक कागदावर. हॉटेलच्या दारात रेंज नसते तेव्हा ईमेल उघडत नाही.
- गाडी चालवणार असाल तर परवाना. परदेशात लागत असेल तिथे आंतरराष्ट्रीय परवानाही.
- नेहमीच्या औषधांची चिठ्ठी.
- विमा असेल तर त्याचा क्रमांक आणि मदतीचा फोन, कागदावर लिहिलेला.

६. सामान

कपड्यांबद्दल काही सांगत नाही, ते सगळे जास्तच नेतात. विसरल्या जाणाऱ्या गोष्टी अशा: विजेरी (फोनची नको, वेगळी), शिट्टी, पॉवर बँक, वापरून सैल झालेले बूट, जास्तीचे मोजे, पाण्याची बाटली, टोपी, बारीक टोकाचा चिमटा, पट्ट्या आणि जंतुनाशक, डास पळवणारं मलम, पाऊस अडवणारं जाकीट, सुटे पैसे. नवे बूट भटकंतीच्या आदल्या दिवशी विकत घेणं म्हणजे फोडांना आमंत्रण.

उंचावर जाणार असाल तर गरम कपड्यांचा हिशेब असा करा: दर हजार मीटर चढल्यावर हवा सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. पायथ्याच्या शहराचं तापमान बघून पिशवी भरली की रात्री कुडकुडायला होतं.

दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ घ्या. आठ म्हणजे आठपट मोठं दिसणार, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बारापट-सोळापट मोठं दाखवणारी दुर्बीण हातात धरली की हलतं चित्र बघून डोकं धरतं.

७. पोहोचणं

उजेडात पोहोचा. शेवटच्या तीन-चार किलोमीटरचा रस्ताच अवघड असतो: पाटी नाही, दिवा नाही, समोरून ट्रॅक्टर. शेवटची बस किती वाजता आणि रविवारी ती असते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, ते उपग्रहांच्या संकेतांवर चालतं. लागतो तो नकाशा, आणि तो आधीच फोनमध्ये हवा. इंधन मुख्य रस्ता सोडण्याआधी भरून घ्या. रोख पैसेही तिथेच काढा.

८. पहिली संध्याकाळ

खोलीत शिरल्यावर बॅग उघडू नका. आधी नळ सोडून बघा, गिझर किंवा हीटर चालू करा, खिडकी उघडा आणि दोन मिनिटं काही न बोलता उभे राहा. पंपाचा, फ्रीजचा, स्वयंपाकघराच्या पंख्याचा आवाज येतो का? चादर, कड्या, जाळ्या बघा. खोली बदलून मागायची असेल तर हीच वेळ. सामान पसरल्यावर तुम्हालाही नको वाटतं आणि त्यांनाही.

त्या संध्याकाळी कुठेही जाऊ नका. आवारात एक चक्कर, चहा, लवकर जेवण. मात्र एक काम करा. रिसेप्शनवर 'इथे बघण्यासारखं काय आहे' असं विचारलं की छापील यादी हातात येते: धबधबा, मंदिर, व्ह्यू पॉइंट, सगळं गाडीने. त्याऐवजी बागेत किंवा स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांपैकी पायी कामाला कोण येतं ते शोधा आणि त्यांना विचारा, "तुम्ही सकाळी कुठल्या वाटेने येता?" ती वाट हमखास सुरक्षित असते, चालती असते आणि नकाशात बऱ्याचदा नसते. कुठे कुत्री अंगावर येतात, कुठे पावसात ओढा अडवतो, कुणाच्या शेतातून गेलेलं चालतं आणि कुणाच्या चालत नाही, हेही त्यांनाच ठाऊक असतं.

९. भटकंती: लहान फेऱ्यापासून मोठ्याकडे

पहिल्या सकाळी तासाभराचा फेरा. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाचा. गाडी किंवा सायकल काढून लांब जायचं असेल तर ते त्यानंतर. उलट केलं की जवळचं राहूनच जातं.

*वेळेचा अंदाज.* विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. हा हिशेब तगड्या माणसाचा आहे, त्यात थांबणं धरलेलं नाही. दहा किलोमीटरची वाट आणि तीनशे मीटर चढ म्हणजे नेस्मिथचे अडीच तास. मुलं, फोटो, झाडाखाली टेकणं धरून मी चार धरते. स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते, त्यातही विश्रांती नसते.

*खुणा.* प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असते, पहिल्याच पाटीवर ती समजून घ्या. इंग्लंडमध्ये पिवळा बाण फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, निळा बाण घोडे आणि सायकलींनाही मोकळ्या असलेल्या वाटेसाठी. फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरा आणि लाल असे आडवे पट्टे असतात, आणि त्याच रंगांची फुली दिसली तर समजा चुकीच्या वाटेला लागलात. खुणा दिसायच्या थांबल्या की पुढे रेटू नका. शेवटच्या खुणेपर्यंत मागे या.

*जमीन कुणाची?* स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने आणि स्वीडनमध्ये जुन्या परंपरेने, जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही बऱ्याचशा मोकळ्या जमिनीवर फिरता येतं. बहुतेक जगात तसं नाही. कुंपण दिसलं की विचारून आत जा. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर तुमच्यामागे बंद करा. 'बरं दिसेल' म्हणून उघडं फाटक लावून टाकलं तर पलीकडची जनावरं पाण्यावाचून अडकू शकतात. उभ्या पिकातून चालायचं नाही, कडेने जायचं.

*जनावरं.* वासरू असलेल्या गाईच्या आणि तिच्या वासराच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. बरोबर तुमचं कुत्रं असेल तर साखळीला ठेवा. पण गाई अंगावर धावून आल्या तर साखळी सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो, ते पळून सुटतं, आणि धरून ठेवणारा माणूस सापडतो.

*गोचीड.* उंच गवतातून आल्यावर पाय, गुडघ्यामागची जागा, कंबर, कानामागे तपासा. चिकटलेली गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ, सावकाश ओढा. तेल ओतणं, काडीने चटका देणं हे उपाय करू नका. नंतरच्या दिवसांत तिथे लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

*विजा.* चमक आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. माळ, टेकडीचा माथा, एकटं झाड, पाणी सोडा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

*उजेड किती उरला?* हात लांब करून मूठ धरा. मुठीची रुंदी आकाशात साधारण दहा अंश भरते. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणून क्षितिज आणि सूर्य यांमध्ये एक मूठ मावली तर मावळायला कमीत कमी चाळीस मिनिटं आहेत. विषुववृत्ताजवळ जवळपास तेवढीच, कारण तिथे सूर्य सरळ खाली उतरतो आणि नंतरचा संधिप्रकाशही लवकर संपतो. विषुववृत्तापासून लांबच्या देशांत तो तिरका मावळतो, वेळ जास्त मिळतो. एक मूठ उरली की परतीला लागा.

*सांगून जा.* कुठल्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत परत, हे रिसेप्शनवर कागदावर लिहून द्या. मदत मागायची वेळ आलीच तर मिनिटाला सहा शिट्ट्या (किंवा विजेरीच्या सहा उघडझाकी), मग मिनिटभर थांबून पुन्हा. आल्प्स पर्वतात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून हीच खूण चालत आली आहे. उत्तर मिनिटाला तीनचं येतं. फोन लागत असेल तर ११२ हा क्रमांक युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत आणि भारतातही चालतो.

१०. रात्रीचं आकाश

यासाठी काही खर्च नाही, तरी बहुतेक पाहुणे जेवण करून खोलीत जातात. अमावास्येच्या आसपास मुक्काम पडला तर उत्तमच. तारीख हातात नसेल तर एवढं लक्षात ठेवा: चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी संध्याकाळचे काही तास काळोखाचे मिळतात. हॉटेलच्या दिव्यांपासून लांब, आवारातच एखादा कोपरा शोधा. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एकदा फोन बघितला की घड्याळ पुन्हा शून्यावर. विजेरीला लाल जिलेटीन किंवा लाल प्लास्टिक गुंडाळलं तर डोळे कमी दिपतात. आवारातले दिवे तासभर बंद करता येतील का हे विचारायला लाजू नका. मी विचारते, आणि बऱ्याचदा करतात.

११. एक दिवस मोकळा

मधल्या दोन दिवसांपैकी एका दिवसाला काहीही ठरवू नका. पाऊस आला तर तो दिवस पावसाला जाईल, पाय दुखले तर पायांना. लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी दोरी, चेंडू, रंग, पत्ते असं काहीतरी बरोबर हवं, कारण वायफाय नसलेल्या दुपारी त्यांचा निवांतपणा फार टिकत नाही. मोठ्यांचाही टिकत नाही, पण ते कबूल करत नाहीत.

१२. निघताना

बिल आदल्या रात्री मागा. सकाळी बसची घाई असताना जास्तीचे चहा, धुलाई, पाण्याच्या बाटल्या तपासणं होत नाही. आगाऊ भरलेली रक्कम वजा केली आहे का ते बघा. संकेतस्थळावरून भरलेले पैसे हॉटेलच्या वहीत कधी कधी दिसत नाहीत, म्हणून पावती हाताशी ठेवा. अनामत घेतली असेल तर ती कधी आणि कशी परत येणार ते लेखी घ्या.

वाट दाखवणाऱ्या माणसाला काही द्यायचं असेल तर त्याच्याच हातात द्या, बिलात घालू नका. उशीखाली, गिझरच्या बटणाजवळ, दाराच्या मागच्या खुंटीवर आणि सगळ्या सॉकेटांत बघा. चार्जर तिथेच राहतात. बुटांच्या तळव्यातली माती निघण्याआधी ब्रशने काढून टाका. त्यातून एका भागातलं तणाचं बी आणि झाडांचे रोग दुसरीकडे जातात, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारख्या देशांत चिखलाचे बूट विमानतळावर जाहीर केले नाहीत तर दंडही होतो.